ट्रकचा रेडिएटर : जागेत बसणारा की इंजिनास पुरणारा?

शेतमाल उत्तम पिकविणे जितके महत्त्वाचे आहे, तितकेच तो बाजाराच्या वेळेस बाजारात उभा करणेही महत्त्वाचे आहे. फुलांच्या बाबतीत तर वेळ हाच अर्धा भाव असतो. दादरच्या फूल बाजारात जी शेवंती किंवा जो झेंडू पहाटे हातोहात खपतो, तोच माल ऊन चढल्यावर पोहोचला तर त्यास गिऱ्हाईक शोधावे लागते. उशीर होण्यास अनेक कारणे असतात. पाऊस, दरड, अपघात, वाहतुकीची कोंडी ही कारणे शेतकऱ्याच्या हातची नसतात. ट्रकचे इंजिन तापून गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहणे हे कारण मात्र बहुतांशी आपल्याच हातचे आहे. त्याचा विचार आपण पुरेशा गांभीर्याने करीत नाही, असे आमचे मत आहे.

१९९६ साली मुंबईतील भाजीपाला व फळे यांचा घाऊक बाजार भायखळा व क्रॉफर्ड मार्केट भागातून वाशीस गेला. तरीही दादरचा फुलांचा व भाजीचा पहाटेचा बाजार, लालबागच्या मसाल्याच्या दुकानांकडे येणारी मिरची आणि गिरगाव-परळच्या वस्त्यांत विकला जाणारा ताजा माल यांमुळे जुन्या मुंबईशी असलेला शेतकऱ्याचा संबंध तुटलेला नाही. २०१६ साली राज्याने फळे व भाजीपाला यांचा व्यवहार बाजार समित्यांच्या नियमनातून मुक्त केल्यानंतर शेतकऱ्यांच्या गटांना स्वतःचा माल स्वतः शहरात आणून विकणे अधिक सोपे झाले. साहजिकच काही गटांनी व शेतकऱ्यांनी स्वतःच्या मालमोटारी घेतल्या. मालमोटार आली म्हणजे तिची देखभालही आली. आणि ती देखभाल करणारे आपण, बियाणे व खत पारखून घेण्यात तरबेज असलो तरी, रेडिएटर घेताना दुकानदाराच्या शब्दावर विसंबून राहतो.

रेडिएटरचे काम काय?

डिझेल इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेपैकी सगळीच गाडी ओढण्याच्या कामी येत नाही. मोठा भाग धुरावाटे बाहेर जातो आणि साधारणपणे पाव ते एक तृतीयांश भाग इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्यास काढून न्यावा लागतो. हे तापलेले पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून वाहते. नळ्यांमधील पातळ पत्र्यांच्या जाळीतून हवा जाते आणि ती उष्णता घेऊन जाते. गाडी वेगात असली म्हणजे समोरून येणारा वारा हे काम करतो. गाडी सावकाश चालली की सर्व भार पंख्यावर पडतो.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. रेडिएटरची खरी परीक्षा भरधाव रस्त्यावर होत नाही. ती दोन ठिकाणी होते : भरलेल्या गाडीने घाट चढताना आणि गर्दीत तासन्तास रखडताना. देशावरून मुंबईकडे येणारी गाडी घाट उतरते. त्या वेळी इंजिनावर भार कमी असतो. परंतु परतताना खत, पशुखाद्य, रिकामी क्रेट किंवा मिळेल ते भाडे भरून तिला कसाऱ्याचा किंवा खोपोलीचा घाट चढावा लागतो. खोपोलीहून लोणावळ्यापर्यंत ही चढण सुमारे साडेपाचशे मीटरांची आहे. गाडी खालच्या गिअरमध्ये असते, इंजिन पूर्ण ताकद लावीत असते आणि वारा मात्र थोडका मिळतो. दुसरी परीक्षा शहरात होते. गणेशोत्सवात व दसऱ्याला फुलांची मागणी सर्वांत अधिक असते आणि नेमक्या त्याच दिवसांत लालबाग, परळ, दादर येथील रस्ते गर्दीने तुंबलेले असतात.

म्हणून नवा रेडिएटर बसवून गाडी दादरहून ठाण्यापर्यंत थंड राहिली, एवढ्यावर समाधान मानणे चुकीचे आहे. तो रेडिएटर आपल्या इंजिनास पुरतो की नाही, हे कसाऱ्याच्या वळणावरच कळते. आणि तेथे कळणे सर्वांत महागात पडते.

आधी निदान, मग खरेदी

गाडी तापली की रेडिएटर बदलावयाचा, ही समजूत पीक पिवळे पडले की युरिया टाकावयाचा, या समजुतीसारखीच आहे. पीक पिवळे पडण्यास पाणी साचणे, मूळकूज, लोहाची कमतरता अशी अनेक कारणे असतात. गाडी तापण्याचेही तसेच आहे. पंख्याचा पट्टा सैल झाला असेल, थर्मोस्टॅट अडकला असेल, पाण्याचा पंप झिजला असेल, खालचा होज पाइप आतून चपटा होऊन मार्ग अडवीत असेल, किंवा रेडिएटरच्या झाकणातील स्प्रिंग कमजोर झाली असेल. यांपैकी कोणतेही कारण असताना नवा रेडिएटर बसविला, तर पैसे जातात आणि रोग तसाच राहतो.

झाकणाविषयी थोडे अधिक सांगणे अवश्य आहे. हे झाकण साधे बूच नसते. ते पाणी दाबाखाली ठेवते. समुद्रसपाटीवर उघडे पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. लोणावळ्याच्या उंचीवर ते सुमारे ९८ अंशांलाच उकळते. तेच पाणी एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर इतक्या जादा दाबाखाली ठेवले, तर सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण नादुरुस्त असले तर हा सर्व फायदा नाहीसा होतो आणि निर्दोष रेडिएटरही उकळून बाहेर फेकू लागतो. याच दाबामुळे गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये. उसळलेल्या पाण्याने व वाफेने तोंड व हात भाजण्याचा धोका असतो. इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत थांबावे.

आणखी एक चूक सर्रास आढळते. गाडी तापते म्हणून मिस्त्री थर्मोस्टॅट काढून टाकतात. त्यामुळे एरवी इंजिन गरजेपेक्षा थंड चालते, डिझेल अधिक लागते व झीज वाढते. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट नसल्यास पाण्याचा काही भाग रेडिएटरकडे न जाता आडमार्गाने परत फिरतो आणि गाडी उलट अधिक तापते. नादुरुस्त थर्मोस्टॅटच्या जागी नवा बसविणे हाच योग्य उपाय होय.

शेतातील गाडीचे दोन खास शत्रू

शहरातील गाडीपेक्षा शेतकऱ्याच्या गाडीचा रेडिएटर लवकर निकामी होतो, याची दोन कारणे आहेत. पहिले कारण म्हणजे पाणी. विहिरीचे व कूपनलिकेचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते. ते तापले की त्यातील क्षार नळ्यांच्या आतील बाजूस थर धरतात. चहाच्या पातेल्याच्या तळाशी जो पांढरा थर बसतो, तोच येथे बसतो. हा थर उष्णता अडवितो आणि नळीचा मार्गही अरुंद करतो. मुंबईच्या नळास तानसा, वैतरणा, भातसा यांसारख्या जलाशयांचे पाणी येते व ते त्या मानाने मृदू असते. परंतु निव्वळ नळाचे पाणीही पुरेसे नाही. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेले कूलंट, सांगितलेल्या प्रमाणात, शुद्ध केलेल्या पाण्यात मिसळून वापरावे. त्याने गंज व क्षार या दोहोंस आळा बसतो. वेगवेगळ्या जातींची कूलंटे एकत्र करू नयेत.

दुसरे कारण म्हणजे जाळीत अडकणारा कचरा. सोयाबीनचा भुसा, कापसाची रुई, उसाचे पाचट आणि वाटेवरची धूळ यांनी जाळी बाहेरून बंद होते. अशा वेळी रेडिएटर मुळीच बिघडलेला नसतो. त्याचा श्वास कोंडलेला असतो. इंजिन थंड असताना इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने, कमी दाबाच्या पाण्याने जाळी धुवावी. सर्व्हिसिंगच्या दुकानातील जोरदार फवारा जवळून मारल्यास पातळ पत्रे मुडपतात आणि वाट कायमची बंद होते.

निवड कशी करावी?

एवढे पाहूनही रेडिएटर बदलणेच प्राप्त असेल, तर मग खरा प्रश्न येतो. गिरगावात ऑपेरा हाऊसच्या आसपास मोटारींच्या सुट्या भागांची पुष्कळ दुकाने आहेत. अवजड वाहनांना दिवसा ठरावीक वेळी शहरात वाहतुकीस मनाई असल्याने ड्रायव्हरला रिकामा वेळ मिळतो आणि तो खरेदीस जातो. गटाचा कोषाध्यक्ष गावाहून फोनवर सांगतो, ‘बसेल तो घे, स्वस्तातला घे.’ दुकानदार विचारतो, ‘गाडी कोणती?’ ड्रायव्हर कंपनीचे नाव व टनाचा आकडा सांगतो. समोर एक रेडिएटर येतो, त्याचे कान चौकटीच्या छिद्रांस जुळतात, पाइप जुळतात, आणि सौदा होतो. आमचा आक्षेप या पद्धतीस आहे.

कान व पाइप जुळणे ही पहिली पायरी झाली. एकाच नावाच्या ट्रकमध्ये निरनिराळ्या वर्षी निरनिराळी इंजिने आली आहेत. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ ही प्रदूषणाची मर्यादा लागू झाली. त्यानंतरच्या पुष्कळ इंजिनांत धुराचा काही भाग थंड करून पुन्हा इंजिनात सोडला जातो आणि ती उष्णताही अखेर रेडिएटरच्याच पाण्यास वाहून न्यावी लागते. शिवाय रेडिएटरच्या पुढे इंटरकूलर असतो. त्यातून तापून आलेली हवा रेडिएटरला मिळते. अशा गाडीस त्याच नावाच्या जुन्या गाडीचा रेडिएटर कदाचित बसेलही, परंतु पुरेलच असे नाही. म्हणून दुकानात जाताना गाडीचे मॉडेल, निर्मितीचे वर्ष, प्रदूषण मानक, इंजिन क्रमांक, चेसिस क्रमांक आणि जुन्या रेडिएटरवरील भाग-क्रमांक लिहून न्यावा.

यानंतर जुना व नवा रेडिएटर शेजारी ठेवून मोजमाप घ्यावे. वरची-खालची किंवा बाजूची टाकी सोडून मधल्या जाळीची उंची, रुंदी व जाडी मोजावी. नळ्यांच्या रांगा किती आहेत ते पाहावे. एका इंचात पत्र्याच्या किती घड्या आहेत ते मोजावे. बाहेरून सारखेच दिसणारे दोन रेडिएटर येथे वेगळे ठरतात. कारण स्वस्त करावयाचे झाल्यास कपात येथेच करता येते. रांग एक कमी, घड्या विरळ, पत्रा पातळ, एवढ्याने भाव उतरतो आणि ते वरवर पाहणाऱ्यास दिसतही नाही.

याचा अर्थ जितकी जाळी दाट व जाड तितकी चांगली, असा मात्र घेऊ नये. फार दाट जाळी शेतरस्त्याच्या धुळीने लवकर तुंबते. फार जाड जाळीतून हवा ओढण्यास मूळचा पंखा कमी पडतो, आणि पंखा व जाळी यांतील अंतर घटून पाते घासण्याचा धोका निर्माण होतो. पंख्याभोवतीचे आवरण नव्या रेडिएटरवर नीट बसले पाहिजे. ते काढून टाकल्यास पंखा जाळीतून हवा न ओढता बाजूचीच गरम हवा घुसळत राहतो. मूळच्या मापाशी जुळणे हाच सर्वांत भरवशाचा नियम होय.

तांबे की अॅल्युमिनियम?

या विषयावर गॅरेजांत हिरिरीने वाद होतात. परळच्या शेजारी शिवडी येथे १९२८ साली जनरल मोटर्सने मोटारी जोडण्याचा कारखाना काढला व तो १९५४ साली बंद झाला. त्याच वर्षी टेल्कोने जर्मनीच्या डाइमलर-बेंझच्या सहकार्याने ट्रक बनविण्यास आरंभ केला. त्या काळच्या रेडिएटरांत तांबे व पितळ वापरीत. गळती झाली की मिस्त्री डाग देऊन ती बंद करी. तांब्याच्या रेडिएटरवर जुन्या मिस्त्रींचा आजही जो विश्वास आहे, त्याचे मूळ या दुरुस्तीच्या सोयीत आहे आणि तो विश्वास निराधार नाही.

तांबे अॅल्युमिनियमपेक्षा उष्णता पुष्कळ चांगली वाहून नेते, हेही खरे. परंतु रेडिएटरची क्षमता केवळ धातूवर ठरत नाही. जाळीचा किती पृष्ठभाग हवेला लागतो आणि नळ्या व पत्रे एकमेकांस किती घट्ट जोडलेले आहेत, यांवर ती ठरते. अॅल्युमिनियमच्या रुंद नळ्या व हलके वजन यांमुळे आजच्या बहुतेक गाड्यांत तोच वापरतात. त्याच्या टाक्या बहुधा प्लॅस्टिकच्या असतात. त्यांस तडा गेल्यास रस्त्यावरचा मिस्त्री डाग देऊ शकत नाही, ही त्याची उणीव. निव्वळ साध्या पाण्याने तो आतून खातो, ही दुसरी. उलट तांबे-पितळेच्या रेडिएटरचे डाग खाचखळग्यांच्या रस्त्यावर हादऱ्यांनी सुटतात. आमच्या मते गाडीत मूळचा जो प्रकार असेल तोच ठेवावा आणि त्यास मानवणारे कूलंट वापरावे.

जुना तांब्याचा रेडिएटर दुरुस्त करून घेण्यास आमचा विरोध नाही. चांगला मिस्त्री असेल तर जुन्या टाक्या ठेवून मधली जाळी नवी बसविणे हा काटकसरीचा व उत्तम उपाय आहे. परंतु फुटलेली नळी दोन्ही टोकांस बंद करणे ही दुरुस्ती तात्पुरती समजावी. बंद झालेली प्रत्येक नळी म्हणजे कायमची गेलेली ताकद. चार-पाच वेळा अशी डागडुजी झालेला रेडिएटर गळत नाही म्हणून धडधाकट वाटतो आणि घाटात दगा देतो. भंगार बाजारातील जुना रेडिएटर घेतानाही हाच धोका असतो, कारण त्याच्या आतील क्षार व बंद नळ्या बाहेरून दिसत नाहीत.

नवा असो वा दुरुस्त केलेला असो, तो पाण्यात बुडवून हवेच्या दाबाने आपल्यासमोर तपासून घ्यावा. बुडबुडे आले नाहीत याची खात्री करावी. भाग-क्रमांक व हमीची मुदत लिहिलेले पक्के बिल घ्यावे. बिल नसेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचा आधार घेऊन तक्रार करणेही अवघड होते. बसविताना रबरी बुश, होज पाइप, त्यांच्या क्लिपा आणि झाकण यांची स्थिती पाहून जीर्ण झालेले भाग त्याच वेळी बदलावेत, आणि इंजिनातील जुने गढूळ पाणी काढून ते धुवून घ्यावे. तसे न केल्यास जुना गाळ नव्या नळ्यांत जाऊन बसतो.

खर्चाचा खरा हिशेब

यावर कोणी म्हणेल की, छोट्या गटाजवळ पैसा कमी असतो. स्वस्त रेडिएटर घेऊन वेळ निभावणे त्यास भाग पडते. ही अडचण खरी आहे आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. परंतु हिशेब पुरा मांडला पाहिजे. अपुरा रेडिएटर एकदा घाटात उकळला म्हणजे गाडी ओढून नेण्याचे भाडे, सिलिंडर हेड बाक घेतल्यास त्याचे काम, नवे गॅसकेट आणि गाडी उभी राहिल्याचे दिवस, इतका खर्च एकदम अंगावर येतो. परतीच्या वाटेवर गाडी अडली तर दुसऱ्या दिवशीची तोडणी शेतातच राहते. फुलांची तोडणी झाल्यावर गाडी आली नाही, तर त्या फुलांचे जे नुकसान होते ते कोणत्याही हमीपत्रातून भरून निघत नाही. ते नुकसान एकट्या गटाचे नसते. त्या दिवशी गाडीत ज्यांच्या क्रेट असतात त्या प्रत्येक घराचे असते.

म्हणून आमची सूचना अशी आहे की, रेडिएटरची निवड बिघाडाच्या रात्री करू नये. ती उन्हाळ्यापूर्वी व गणेशोत्सवापूर्वी, अशी वर्षातून दोनदा, गाडीची तपासणी करताना शांतपणे करावी. प्रत्येक गटाने आपल्या गाडीचे एक टिपण तयार करून त्याची एक प्रत गाडीत व दुसरी कार्यालयात ठेवावी. त्यात वर सांगितलेले क्रमांक, जाळीची मापे, रांगांची संख्या, झाकणाचा दाब, कूलंटचा प्रकार आणि शेवटच्या दुरुस्तीची तारीख असावी. मग गिरगावच्या दुकानात उभा असलेल्या ड्रायव्हरला अंदाजाने बोलावे लागणार नाही, आणि गावाहून फोन करणाऱ्यासही ‘स्वस्तातला घे’ याखेरीज काही सांगता येईल.

कृषी विस्ताराच्या कार्यासही यात एक धडा आहे. वाण, खत, पाणी व कीड यांविषयी आपण पुष्कळ सांगतो. माल गाडीत चढला की आपले काम संपले असे मानतो. शेतकऱ्याचे पीक मात्र गाडीत चढल्याने विकले जात नाही. गटांच्या प्रशिक्षण वर्गांत ड्रायव्हरलाही बसवावे आणि एक तास तरी गाडीच्या देखभालीस द्यावा, असे आम्हांस वाटते. बियाण्याची पिशवी घेताना आपण तिच्यावरील खूणचिठ्ठी वाचतो, जात व मुदत पाहतो आणि पावती जपून ठेवतो. तीच सवय रेडिएटरच्या खरेदीस लावावी. त्यासाठी वेगळे शिक्षण लागत नाही. एक मोजपट्टी, एक वही आणि दुकानात चार प्रश्न विचारण्याचा धीर एवढे पुरे आहे.